पहिल्यांदाच 'लुचिया' बसवताय? मग तिकिटं छापायच्या आधी हे वाचा

मराठी नाटकं बसवलीयत, एकांकिका स्पर्धांत घाम गाळलाय, आणि आता नोकरीपायी इंग्लंड-जर्मनी-अमेरिकेत कुठेतरी राहताय आणि तिथल्या हौशी ऑपेरा ग्रुपमध्ये शिरलाय, अशा लोकांसाठी हे लिहितोय. या ग्रुपांना माणसं कायम कमी पडतात. त्यामुळे तुम्हाला नाटकाचा अनुभव आहे म्हटलं की आधी प्रॉपर्टी सांभाळायला देतात, मग असिस्टंट करतात, आणि एक दिवस मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतं की यंदा आपण 'लुचिया दि लामेरमूर' करूया आणि सगळे तुमच्याकडे बघतात.

हो म्हणा. पण नाटक बसवायची सवय इथे अर्धीच कामाला येते हे आधीच डोक्यात ठेवा. नाटकात वाक्य कधी बोलायचं, कुठे थांबायचं, किती वेळ गप्प बसायचं हे तुम्ही आणि नट मिळून ठरवता. इथे ते संगीतकार डोनिझेत्तीने १८३५ सालीच ठरवून ठेवलंय, आणि जे त्याने मोकळं सोडलंय ते गाणाऱ्याच्या श्वासावर चालतं. बेल कांतोत, म्हणजे गळ्याच्या करामतीवर उभ्या असलेल्या या इटालियन गायकीत, दिग्दर्शक गळ्याच्या मागून चालतो, पुढून नाही. हे एकदा मान्य केलं की बाकीची भांडणं निम्मी कमी होतात.

गोष्ट थोडक्यात. स्कॉटलंड, दोन खानदानांचं वैर. अ‍ॅश्टन घराण्याने रेव्हन्सवूडांची जमीन-वाडा बळकावलाय. एन्रिको अ‍ॅश्टन राजकारणात गाळात चाललाय आणि वाचायचं तर बहीण लुचियाचं लग्न बड्या घरच्या आर्तुरोशी लावायला हवं. बहिणीचं प्रेम मात्र रेव्हन्सवूडांच्या शेवटच्या वारसावर, एद्गार्दोवर. खोटं पत्र दाखवून तिच्याकडून लग्नाच्या करारावर सही घेतात, सही होते न होते तोच एद्गार्दो येऊन उभा राहतो, शिव्याशाप देऊन जातो. लग्नाच्या रात्री ती नवऱ्याला भोसकते, वेडी होते, मरते, आणि ते कळल्यावर एद्गार्दो स्वतःला संपवतो. वॉल्टर स्कॉटच्या १८१९ च्या कादंबरीवरून साल्वादोरे काम्मारानोने लिब्रेटो, म्हणजे ऑपेराचे शब्द, लिहिलं आणि २६ सप्टेंबर १८३५ ला नेपल्सच्या सान कार्लो थिएटरात पहिला प्रयोग झाला. त्याच्या तीनच दिवस आधी याच शैलीचा संगीतकार बेल्लिनी पॅरिसजवळ वारला होता, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी. म्हणजे या संगीताचा एक मोठा माणूस गेला आणि दुसऱ्याचं सगळ्यात गाजलेलं काम त्याच आठवड्यात स्टेजवर आलं.

आता कामाला लागू.

आधी गळे, मग बाकी सगळं

सेट डिझायनरला फोन करायच्या आधी, हॉल बुक करायच्या आधी, स्वतःला एक प्रश्न विचारा: लुचिया कोण गाणार? नाव घेऊन उत्तर देता आलं नाही तर दुसरा ऑपेरा घ्या, त्याच डोनिझेत्तीचा 'लेलिसीर दामोरे' आहे, विनोदी आहे, हौशी ग्रुपला झेपतो. लुचियाला वरच्या पट्टीत हलका, चपळ आवाज लागतोच, पण तेवढ्यावर भागत नाही, दुसऱ्या अंकात भावाबरोबरचं लांबलचक द्वंद्वगीत आहे, त्यात मधल्या सप्तकात दम लागतो, आणि त्यानंतर लग्नाचा अख्खा प्रवेश. ऑडिशनला सगळ्या जणी मॅड सीनचा, म्हणजे तिसऱ्या अंकातल्या लुचियाच्या वेडाच्या प्रवेशाचा, शेवट गाऊन दाखवतात, टोकाचा वरचा सूर लावतात आणि पॅनेल खुश होतं. तुम्ही त्यांना दुसऱ्या अंकातलं 'सोफ्रीवा नेल प्यांतो' गायला सांगा. संथ आहे, उघडं आहे, लपायला जागा नाही. तिथे जी एका श्वासात ओळ पूर्ण नेते आणि आवाज हलत नाही ती तुमची लुचिया.

टेनरचं, म्हणजे उंच पुरुषी आवाजाच्या नायकाचं, दुखणं वेगळंच. एद्गार्दो पहिल्या अंकात येतो, दुसऱ्याच्या शेवटी ओरडतो, आणि मग सगळ्यांचं सगळं झाल्यावर शेवटचा अख्खा प्रवेश त्याचा एकट्याचा. म्हणजे ज्याला रात्रीच्या शेवटी ताजं राहता येतं असा माणूस पाहिजे. पहिल्या प्रयोगात ही भूमिका जिल्बेर ड्युप्रेची होती, जो पुढे छातीच्या आवाजातल्या वरच्या 'सी'साठी प्रसिद्ध झाला, त्यामुळे हौशी टेनर लोकांना उगाच वाटतं की हा सगळा जोराचा मामला आहे. नाही. शेवटचा प्रवेश जोरात गायला की मेला. बॅरिटोन आणि बास, म्हणजे खालचे पुरुषी आवाज, सहसा मिळतात. आर्तुरो, नोर्मान्नो हे छोट्या भूमिकांचे टेनर मात्र विसरू नका, हौशी ग्रुपमध्ये तीन टेनर एकाच वेळी गावात असणं हाच चमत्कार असतो.

पट्टी, प्रत आणि कात्री

व्होकल स्कोअर, म्हणजे गाणी आणि पियानोची छापील स्वरलिपी, इंटरनेटवर फुकट मिळतो, कॉपीराइट केव्हाच संपलाय. ऑर्केस्ट्राचे पार्ट्स, म्हणजे एकेका वाद्याच्या प्रती, मात्र बहुतेकदा भाड्याने घ्यावे लागतात, आणि इथे नवखे हमखास फसतात, कारण लुचियाचे मोठे प्रवेश दोन दोन पट्ट्यांत चालतात. डोनिझेत्तीने मॅड सीन एफ मेजरमध्ये लिहिला होता, परंपरेने तो एक सूर खाली ई फ्लॅटमध्ये गातात. पहिल्या अंकातलं 'रेन्याव्हा नेल सिलेंझियो' मूळ ई फ्लॅट मायनर, गातात डी मायनरमध्ये. भावा-बहिणीचं द्वंद्वगीत मूळ ए, गातात जी. तुमच्या गायिकेने खालच्या पट्टीत तयारी केली आणि भाड्याने मूळ पट्टीची प्रत आली तर पहिल्या ऑर्केस्ट्रा तालमीला जो काही गोंधळ होतो तो बघवत नाही. म्हणून गायिकेशी पट्टी ठरवा, कंडक्टरला लेखी सांगा, मगच पार्ट्स मागवा.

पट्टी का उतरवतात म्हणाल तर खाली आलं की शेवटी एक जास्तीचा टोकाचा सूर ठेवून देता येतो, जो लोकांना ऐकायचा असतो. मूळ पट्टी जास्त चमकदार लागते, पण त्यात तो जास्तीचा सूर लावायला गळा तसाच पाहिजे. हौशी ग्रुपने वाद घालू नये, गायिका म्हणेल ते.

कात्रीचं जरा जपून. पूर्ण संगीत साधारण सव्वादोन तासाच्या पुढे जातं आणि कमिटीला कायम काहीतरी कापायचं असतं. दोन तुकडे परंपरेने उडवतात: पाद्री रायमोंदोचं दुसऱ्या अंकातलं गाणं, आणि तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीचा बुरुजातला प्रवेश, जिथे वादळात एन्रिको एद्गार्दोच्या घरी येऊन त्याला आव्हान देतो. दोन्ही कापण्याआधी गोष्टीचं काय होतं बघा. बुरुजातल्या प्रवेशात ठरतं की पहाटे रेव्हन्सवूडांच्या थडग्यांपाशी द्वंद्व करायचं. ते कापलं की शेवटी एद्गार्दो रात्रीचा कबरस्तानात काय करतोय याचा प्रेक्षकाला पत्ता नसतो, वाटतं हा असाच फिरायला आलाय. आणि रायमोंदोचं गाणं कापलं की लुचिया सहीला तयार का होते यातला मोठा दुवा जातो, कारण तो पाद्री तिला मेलेल्या आईची शपथ घालून वळवतो. भाऊ धमकावतो, पण ती मोडते या मायाळू माणसामुळे. मला तर तो प्रवेश पूर्ण ऑपेरातला सगळ्यात क्रूर वाटतो. एकच ठेवता येणार असेल तर रायमोंदो ठेवा आणि बुरुजातली बातमी सरटायटलमध्ये, म्हणजे स्टेजवरच्या स्क्रीनवर दाखवायच्या भाषांतरात, एका ओळीत घुसवा. शुद्धतावादी चिडतील, चिडू दे.

गाण्याचे दोन भाग आणि मधली वीज

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, इथे घाई करू नका. या काळच्या ऑपेरात मोठं गाणं एका साच्यात चालतं. आधी थोडं बोलल्यासारखं गाणं, मग संथ भाग ज्याला कांताबिले म्हणतात, मग काहीतरी घडतं, निरोप येतो, कोणी आत येतं, विचार बदलतो, आणि मग वेगवान भाग, काबालेत्ता. काबालेत्ता सहसा दोनदा गायची असते आणि दुसऱ्या फेरीत गायक स्वतःच्या ताना-हरकती घालतो.

नवीन दिग्दर्शक इथे घाबरतो. तेच शब्द, तीच चाल पुन्हा, मग तो काय करतो, दुसऱ्या फेरीत गायिकेला स्टेजभर पळवतो, नाहीतर पुनरावृत्तीच कापून टाकतो. संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला हे समजावून सांगावं लागत नाही, वन्स मोअर आल्यावर तेच पद वेगळ्या जागा घेऊन ऐकण्यात जी मजा आहे ती इथे लिखाणातच बांधलेली आहे. मधल्या काळात माणूस बदललाय का एवढंच दिग्दर्शकाने बघायचं.

लुचियाच्या पहिल्याच गाण्याचं घ्या. कारंज्यापाशी दिवेलागणीला ती एद्गार्दोची वाट बघतेय, सोबत मैत्रीण अलिसा. संथ भागात ती भुताची गोष्ट सांगते: याच जागी एका रेव्हन्सवूडने मत्सरापायी आपल्या प्रेयसीला भोसकलं, ती पाण्यात पडली, ते भूत मला दिसलं आणि स्वच्छ पाणी रक्तासारखं लाल झालं. अलिसा म्हणते हे लक्षण चांगलं नाही, सोड त्याचा नाद. आणि यावर लुचिया आनंदाची काबालेत्ता सुरू करते, तो आला की स्वर्गच उघडतो वगैरे. आता ही मुलगी आत्ता रक्त बघत होती आणि लगेच स्वर्ग बघतेय, हे जोडायचं कसं?

एक साधी युक्ती चालते. पहिली फेरी तिला अलिसाकडे बघून गाऊ द्या, पटवून देतेय असं, तू उगाच घाबरतेस. दोन फेऱ्यांच्या मधे ऑर्केस्ट्राचा जो तुकडा येतो त्यात अलिसा नजर चुकवते, एवढंच, दोन पावलं बाजूला. आणि दुसरी फेरी लुचिया कोणालाच गात नाही. ताना आता पटवून देण्यासाठी नाहीत, ती स्वतःच्याच डोक्यात गेलीय. मॅड सीनचं बी तिथे पडतं आणि तुम्ही काहीही मोठं केलेलं नसतं. अलिसाचं काम करणाऱ्या मुलीला मात्र सांगून ठेवा की बाई तुला ओळी कमी आहेत पण हा प्रवेश तुझ्यावर आहे.

अजून एक, या प्रवेशाआधी हार्पचा लांब एकल तुकडा आहे. स्टेज मॅनेजर म्हणेल छान, तेवढ्यात सेट बदलू. बदलू देऊ नका, निदान चाकं करकरणारा सेट तरी नको. हार्प हळू वाजते आणि हौशी हॉलचं फ्लोअरिंग सगळं बोलून दाखवतं.

सहा जणांचं गाणं: हलू नका

दुसऱ्या अंकाच्या शेवटी सेक्स्टेट. लुचियाने सही केलीय, तोंडातून निघून गेलंय की मी माझी शिक्षा लिहिली, आणि दारात एद्गार्दो. यानंतर लोकांना वाटतं आता तलवारी निघणार. निघतात, पण नंतर. त्याआधी सगळं थांबतं, तंतुवाद्यं बोटांनी छेडत राहतात आणि एद्गार्दो आणि एन्रिको, दोघं वैरी, आधी सुरू करतात. मग लुचिया आणि रायमोंदो, मग बाकीचे आणि कोरस.

सहाही जण मनातल्या मनात बोलतायत, कोणीच कोणाला ऐकत नाहीये. म्हणून हलवाहलवी करू नका. मी बघितलेली वाईट सेक्स्टेट्स सगळी एकाच रोगाने वाईट होती, दिग्दर्शकाला वाटलं इतका वेळ लोक नुसते उभे कसे राहतील. राहतात हो. तुमचं काम त्याच्या आधीच्या दहा सेकंदांत आहे: एद्गार्दो आत आल्यावर कोण कुठे जाऊन थांबतं. लुचिया टेबलापाशी, लेखणी जिथे टाकली तिथेच. आर्तुरो तिच्या शेजारी, पण त्याला अजून प्रकरण नीट कळलेलंच नाही. एन्रिको तिच्या आणि दाराच्या मधे. आणि सगळ्यांना कंडक्टर दिसला पाहिजे, हे सगळ्यात वर. चित्र कितीही सुंदर असू दे, बासला कंडक्टर दिसत नसेल तर चित्र बदला.

तालमीत टेप लावून सहा खुणा करा आणि त्या खुणांवर फक्त श्वास आणि नजर बसवा. कोण कोणाकडे कुठल्या ओळीला बघतं एवढंच. त्यानंतरचा वेगवान भाग, अंगठ्या भिरकावणं, शाप, उपसलेल्या तलवारी, तो आपोआप जोरात जातो, कारण तोवर सगळे कोंडलेले असतात. तलवारी बोथट हव्यात आणि लढाईचं कोणी जाणकार शिकवायला हवं, दर प्रयोगाआधी एकदा हळू वेगात करून बघायचं, याला अपवाद नाही.

मॅड सीन, म्हणजे सगळ्यांना जिच्यासाठी यायचंय ती वीस मिनिटं

वीस थोडं इकडेतिकडे. तर परिस्थिती अशी: लग्नाचे पाहुणे नाचतायत, रायमोंदो येऊन सांगतो की आत तिने नवऱ्याला मारलंय, आणि मग ती येते. खून स्टेजवर होत नाही. काही नव्या प्रॉडक्शन्सनी तो दाखवलाय, लंडनच्या रॉयल ऑपेरात २०१६ साली केटी मिचेलने स्टेजचे दोन भाग करून एका बाजूला लुचियाचं बंद दारामागचं आयुष्य दाखवलं होतं, आणि न्यूयॉर्कच्या मेटमध्ये, म्हणजे मेट्रोपॉलिटन ऑपेरात, २०२२ साली सायमन स्टोनने अख्खी गोष्ट आजच्या पडक्या अमेरिकन गावात नेली, कॅमेरे-स्क्रीनसकट. दोन्ही बघण्यासारखे प्रयोग. पण पहिल्यांदा करताना हे डोक्यात घेऊ नका, त्यामागे जेवढी माणसं आणि तालमी असतात तेवढ्या तुमच्याकडे नाहीयेत. मुंबईत असाल तर एनसीपीए या कलाकेंद्रात मेटच्या ऑपेरांचे स्क्रीनिंग होत असतात, त्यांच्या वेळापत्रकावर लक्ष ठेवा, लुचिया लागली तर सोडू नका.

पहिला प्रश्न कोरसचा. तीस माणसं स्टेजवर आहेत, नाचाच्या कपड्यांत, आणि पुढची वीस मिनिटं त्यांनी काय करायचं? सगळे एकाच वेळी तोंडावर हात ठेवून मागे सरकतात ते प्लीज नको. त्यांना छोटी छोटी कामं वाटून द्या: दोघी जणी निघून जायला बघतायत पण जाता येत नाही, एक म्हातारा पाहुणा नजर खाली घालून बसून राहतो, एखादीला तिच्या जवळ जायचंय, नवरा हात धरून ठेवतो. आणि सगळ्यांना एक नियम, लुचिया ज्या दिशेला बघतेय तिकडे कोणीही बघायचं नाही, कारण ती तिथे नसलेला माणूस बघतेय. ती एद्गार्दोशी बोलते, त्यांचं लग्न लागतंय असं तिला दिसतं, अगरबत्त्या-मेणबत्त्यांचा उजेड दिसतो. ऑर्केस्ट्रात पहिल्या अंकातल्या त्यांच्या निरोपाची चाल परत येते. तिथे तिला काहीच करायला लावू नका, ऐकू द्या फक्त.

वेडेपणाचा अभिनय करू नका हे सांगायची गरज नसावी पण आहे. डोळे फिरवणं, केस उपटणं, हसणं. तिच्या दृष्टीने ती लग्नात आहे आणि सुखी आहे. गायिका जितकी शांत तितकी समोरच्यांची हालत खराब. गायिका मारिया कॅलासचं १९५५ चं बर्लिनचं कंडक्टर कारायानबरोबरचं रेकॉर्डिंग ऐका, शब्द कसे टाकते ते. आणि जोन सदरलंड, जिचं नाव १९५९ साली कोव्हेंट गार्डनमध्ये याच भूमिकेने झालं, तिच्या ताना ऐका. दोघींची नक्कल करायला मात्र गायिकेला देऊ नका.

दुसरा प्रश्न बासरीचा. डोनिझेत्तीने इथे मूळ काचेच्या हार्मोनिकासाठी लिहिलं होतं, ओल्या बोटांनी काच घासून वाजणारं ते वाद्य, अंगावर काटा आणणारा आवाज. मग स्वतःच काट मारून ते बासरीला दिलं. आता काही थिएटरं परत काच वापरतात, तुम्हाला वाजवणारा मिळणं अवघड, बासरी घ्या. संथ भागाच्या शेवटी सोप्रानो, म्हणजे लुचिया, आणि बासरीची ती प्रसिद्ध जुगलबंदी येते, ती मुळात डोनिझेत्तीची नाहीच, १८८९ च्या सुमारास पॅरिसमध्ये गायिका नेली मेल्बाच्या वेळची आहे. म्हणजे ती पवित्र नाही. छोटी करा, सोपी करा, नाहीतर गायिकेला तिच्या गळ्याला शोभेल अशी नवी लिहून घ्या.

तिथे कंडक्टर हात खाली ठेवतो आणि दोघंच उरतात. पिटमधल्या, म्हणजे स्टेजसमोरच्या ऑर्केस्ट्राच्या खड्ड्यातल्या, बासरीवाल्याला स्टेज दिसत नाही, त्याला गायिकेचा श्वास ऐकू येत नाही, आणि दोघं एकमेकांची वाट बघत बसतात. म्हणून ऑर्केस्ट्रा तालमीच्या कितीतरी आधी बासरीवाल्याला पियानोच्या तालमीला बोलवा, दोघांना समोरासमोर उभं करून गाऊ-वाजवू द्या. हॉल छोटा असेल तर सरळ बासरीवाल्याला स्टेजच्या कडेला आणून उभं करा, तिला दिसणारा आवाज म्हणून. मला तरी ते स्टेजवर भूत दाखवण्यापेक्षा परिणामकारक वाटतं.

तिसरा प्रश्न रक्ताचा, याबद्दल कोणी आधी सांगत नाही. पांढरा गाऊन, त्यावर रक्त, हे सगळ्यांना हवं असतं. तर गाऊन किमान दोन लागतील आणि दोनपेक्षा जास्त प्रयोग असतील तर धुऊन परत वापरता येईल असं रक्त लागेल. नकली रक्त विकत घेताना कापडावरून निघतं का हे बाटलीवर वाचून भागत नाही, त्याच कापडाच्या तुकड्यावर लावून, रात्रभर वाळू देऊन, सकाळी धुऊन बघा. आधीच रंगवून वाळवलेला गाऊन सगळ्यात सोपा, लांबून तसंच दिसतं आणि काही गळत नाही. दिग्दर्शकाला ओलंच रक्त पाहिजे असा हट्ट असेल तर ते फक्त हातांवर आणि बाहीच्या टोकाला. तोंडाजवळ नको, गाताना आत जातं. तळहातांना नको, ती पायऱ्या उतरतेय आणि कठडा धरणार आहे. आणि जमिनीवर थेंब पडले तर पुढच्या प्रवेशात त्याच जमिनीवर टेनर गुडघे टेकणार आहे, म्हणून मधल्या अंधारात ओलं फडकं घेऊन कोण धावणार त्याचं नाव क्यू शीटवर लिहा. 'क्रू' असं नाही, नाव.

पायऱ्यांचं आलंच आहे तर, जिन्यावरून उतरत येण्याचा मोह सगळ्यांना होतो. उतरू दे, पण गाऊनची शेपूट, अनवाणी पाय आणि वर अंधुक लाइट, तर तालमीच्या पहिल्या आठवड्यापासून तिला तेवढ्याच लांबीचा जुना परकर घालून सराव करू द्या. कॉर्सेट असेल तर तोही लवकर. खालच्या बरगड्या फुलल्या नाहीत तर गाणं नाही, वेशभूषावाल्यांना हे सांगायला कचरू नका.

मग टेनर

मॅड सीन संपला, टाळ्या थांबत नाहीत, अर्धे लोक मनातल्या मनात पार्किंगमध्ये पोचलेत. आणि आता तुमच्या एद्गार्दोला एकट्याने थडग्यांमध्ये उभं राहायचंय. त्याच्यासाठी तुम्ही एवढंच करू शकता की मधला वेळ कमीत कमी ठेवा. सेट बदलू नका, दिवे बदला. लग्नाच्या टेबलावरचं कापड ओढलं की खाली थडगं, असलं काहीतरी.

शेवटच्या गाण्याची पहिली फेरी तो पूर्ण गातो, लुचियाच्या आत्म्याला उद्देशून. मग भोसकून घेतो. दुसऱ्या फेरीत चाल चेलोकडे जाते आणि तो मधे मधे तुटक शब्द टाकतो, पुढे थोडी ताकद आली की पुन्हा चाल पकडतो. म्हणजे मरण्याचा सगळा अभिनय लिहूनच ठेवलाय, वर खोकला आणि लोळण घेणं नको. चेलोवाल्याला सांगा की इथे गाणारा तूच आहेस. आणि आत सरकणाऱ्या पात्याचा खंजीर घेऊ नका, तो नेमका प्रयोगाला अडकतो, बोथट साधा घ्या आणि पाठ वळवून घाव लपवा.

तालमींचा क्रम

गाणारे पाठ करून येतात अशी अपेक्षा असते, येत नाहीत. पहिले काही आठवडे फक्त पियानो आणि संगीत, तुम्ही कोपऱ्यात बसून ऐका, कोण कुठे श्वास घेतं त्याच्या स्कोअरवर पेन्सिलीने खुणा करा. पुढे हालचाली बसवताना याच खुणा तुमचं सोनं आहे. मग हालचालींच्या तालमी, कोरसच्या वेगळ्या. मग सिट्झप्रोब, म्हणजे सगळे खुर्च्यांवर बसून ऑर्केस्ट्राबरोबर नुसतं गातात, त्या दिवशी तुम्ही तोंड बंद ठेवायचं. मग स्टेजवर पियानोसकट, मग ऑर्केस्ट्रासकट, मग रंगीत तालीम.

तालमीत गाणारे अर्ध्या आवाजात गातात, वरचे सूर खाली घेतात. आपल्याकडच्या नाटकवाल्याला ते कामचुकारपणा वाटतो. तसं नाही, लुचिया रोज पूर्ण आवाजात गायली तर प्रयोगाला आवाजच नसेल. कधी पूर्ण गायचं ते आधी कळवा. आणि रंगीत तालीम आणि पहिला प्रयोग लागोपाठच्या दिवशी लावू नका, मधे एक दिवस सुट्टी, दोन प्रयोगांच्या मधेही. हॉलच्या भाड्यावरून खजिनदार कटकट करेल, दुहेरी कास्ट परवडते का विचारा, तो लगेच गप्प बसेल.

स्कॉटलंड म्हणून धुक्याचं मशीन लागतंच असं सगळ्यांना वाटतं. गाणाऱ्यांना विचारल्याशिवाय नाही, घसा कोरडा पडतो. खऱ्या मेणबत्त्या तर हॉलवालेच नाकारतील, बॅटरीवाल्या घ्या.

सरटायटल चालवणारा माणूस स्वरलिपी वाचणारा हवा, नुसता लॅपटॉपवाला नाही. मजकूर आधी इटालियनचा सरळ अर्थ, मग निम्मा कापून. पुनरावृत्तीत तेच वाक्य परत दाखवू नका, स्क्रीन कोरा ठेवा, लोक मग गाणारीकडे बघतात. सेक्स्टेटमध्ये सहा जणांचे सहा मजकूर आहेत, त्यातले एद्गार्दो, एन्रिको, लुचिया यांचे एकेक वाक्य दाखवलं की पुरे.

राहिला कर्टन कॉल. तो पण बसवायचा असतो, रंगीत तालमीच्या आधी, नाहीतर गोंधळ. मेलेला एद्गार्दो स्टेजच्या मधोमध पडलेला असतो, त्याला उठायला अंधार द्या. कोरस आधी, मग नोर्मान्नो, अलिसा, आर्तुरो, मग रायमोंदो, एन्रिको, एद्गार्दो आणि सगळ्यात शेवटी लुचिया, मग ती विंगेतून कंडक्टरला ओढून आणते. ओल्या रक्ताचे हात असतील तर आधी पुसायला टॉवेल ठेवा विंगेत, कंडक्टरचा कोट भाड्याचा असतो. बासरीवाल्याला पिटमध्ये उभं करायला विसरू नका, आणि चेलोवाल्यालाही.